शिट्टीमागचा दम

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनल झाली. स्पेन विरुद्ध कोलंबिया. माझ्या मागच्या रांगेतून आवाज आला, ‘‘रेफ्रीला काय, शिट्टी तर वाजवायची!’’ मोठ्या सामन्यात रेफ्री दहा-बारा किलोमीटर पळतो. फिफाच्या चाचणीत ७५ मीटर धाव, २५ मीटर चाल, असं चाळीस वेळा करावं लागतं. पुरुषांना ७५ मीटरला १५ सेकंद, महिलांना थोडे जास्त. पण पुरुषांच्या सामन्यात शिट्टी हवी असेल, तर महिलेलाही पुरुषांचीच वेळ गाठावी लागते. फ्रान्सची रेफ्री स्टेफनी फ्रापार कतारला पुरुषांच्या विश्वचषकात उतरली ती अशीच.

हा दम मोजायचं एक माप आहे: शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं, ते व्हीओटू मॅक्स. नेमकं मोजायला मास्क लावून ट्रेडमिलवर पळवावं लागतं, म्हणून मैदानावर यो-यो चाचणीतून (बीपच्या तालावर, वाढत्या वेगाने वीस मीटर ये-जा) अंदाज काढतात: पळालेले मीटर गुणिले ०.००८४, अधिक ३६.४. १६०० मीटरला उत्तर येतं ४९.८, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला इतके मिलिलिटर ऑक्सिजन. आता शून्य मीटर घालून बघा. जागचा न हललेल्या माणसालाही ३६.४ मिळतात! म्हणजे ज्या खेळाडूंवरून सूत्र बांधलं, त्यांच्या पल्ल्याबाहेर ते वापरू नये.

खरी गंमत रक्तात आहे. अडॉल्फ फिक यांनी १८७० मध्ये मांडलं: ऑक्सिजनचा वापर म्हणजे हृदयाने मिनिटाला ढकललेलं रक्त, गुणिले धमनी आणि शिरेतल्या ऑक्सिजनमधला फरक. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम असेल, तर लिटरमागे २०१ मिलिलिटर ऑक्सिजन. १३.५ असेल, तर १८१. स्त्री-पुरुषांच्या व्हीओटू मॅक्समधला बराचसा फरक हिमोग्लोबिनमध्ये आणि हृदयाच्या आकारात आहे, जिद्दीत नाही.

दम वाढेल असं सांगून ‘ऑक्सिजनयुक्त पाणी’ विकणाऱ्यांवर पैसे घालवू नका. एका साध्या श्वासातच सुमारे १०० मिलिलिटर ऑक्सिजन आत जातो, आणि तो रक्तात घ्यायला फुप्फुसं आहेत, आतडी नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. म्हणून यो-योत अडकलेल्या मुलीला आणखी पळवण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासा. ते ११ असेल, तर लिटरमागे १४७ मिलिलिटरच उरतात. कारण लोहाची कमतरता असेल, तर ती घट धावून भरून येणार नाही, डॉक्टरांना विचारून लोह द्यावं लागेल.