आमच्याकडून वीज कमी घ्या, असं सांगणारी वीज कंपनी

वीज कंपनीचा माणूस दारात आला आणि म्हणाला की बाबा रे, तू आमच्याकडून वीज आणि गॅस दोन्ही जरा कमी घे, कसं करायचं ते मी दाखवतो, तर आपण काय समजू? एकतर हा काहीतरी विकायला आलाय, नाहीतर याचं डोकं फिरलंय. पण अमेरिकेत आयोवा राज्यात ओसेज नावाचं एक छोटंसं गाव आहे, लोकसंख्या साडेतीन हजाराच्या आसपास, तिथे 1974 पासून कित्येक वर्षं नेमकं हेच चाललं होतं. आणि कंपनी बुडाली नाही, उलट तिचं कर्ज फिटलं.

मिनेसोटाच्या बॉर्डरजवळचं गाव, मिनियापोलिसहून गाडीने दोन-अडीच तास. चहूबाजूंनी मका आणि सोयाबीनची शेतं, आणि थंडी अशी की जानेवारीत रात्री पारा शून्याखाली 20 अंश गेला तरी कोणी बातमी करत नाही. तिकडे राहणाऱ्या आपल्या आयटीवाल्यांना विचारा, ते सांगतील हिवाळ्यात हीटिंगचं बिल काय चीज असते ते.

1973 च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं आणि काही महिन्यांत तेलाचा भाव बॅरलला 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या आसपास गेला. त्याआधी अमेरिकेत विजेची मागणी वर्षाला साधारण 7 टक्क्यांनी वाढायची. ऐकायला किरकोळ वाटतं पण चक्रवाढीने हिशोब केला तर दर 10 वर्षांनी मागणी दुप्पट, म्हणजे आत्ता जेवढे पॉवर प्लांट आहेत तेवढेच अजून 10 वर्षांत बांधायचे, तेही वाढलेल्या व्याजदराने. ओसेजला वीज आणि गॅस देणारी ओसेज म्युनिसिपल युटिलिटीज ही गावच्याच मालकीची होती, मुंबईत बेस्ट जशी महापालिकेची तशी. तिचे जनरल मॅनेजर वेस बर्डसॉल यांनी सरळ विचार केला. लोकांना किलोवॉट-तास, म्हणजे विजेची युनिटं, नको असतात हो, त्यांना उबदार घर पाहिजे, आंघोळीला गरम पाणी पाहिजे, रात्री उजेड पाहिजे. तेवढं कमी विजेत मिळालं तर कोणाची तक्रार असणार आहे? आणि जास्तीची मागणी आलीच नाही तर तिच्यासाठी महागडी वीज विकत घ्यायची वेळही येणार नाही.

मग हा माणूस गावाच्या मागेच लागला. घराच्या फटी बुजवा, माळ्यावर इन्सुलेशन टाका, खिडक्या नीट करा.

आता यातलं विज्ञान बघू, कारण खरी मजा तिथेच आहे. घरातली उष्णता बाहेर जाते ती भिंती-काचांमधून आणि फटींतून. भिंतीतून किती जाते ते तीन गोष्टींवर ठरतं, भिंत किती मोठी, आतबाहेरच्या तापमानात फरक किती आणि भिंत कशाची. समजा आत 20 अंश आहे आणि बाहेर उणे 20, म्हणजे फरक 40 अंशांचा. एकेरी काचेच्या खिडकीतून दर चौरस मीटरला साधारण 230 वॉट उष्णता बाहेर जाते. मध्ये हवेचा थर असलेली दुहेरी काच लावली की ती निम्म्यावर येते. आणि नीट इन्सुलेशन भरलेल्या भिंतीतून तेवढ्याच जागेतून फक्त 12-15 वॉट! काचेच्या पाव इंच जाडीला उष्णता फारशी जुमानत नाही, ती अडते हवेपाशी, कारण स्थिर हवा ही उष्णतेची अतिशय वाईट वाहक आहे, विटेच्या पंचवीसेक पट वाईट. इथे स्थिर हा शब्द महत्त्वाचा. हवा मोकळी सोडली की ती फिरायला लागते आणि उष्णता इकडून तिकडे नेते. ग्लासवूल काय किंवा कागदाचा भुगा काय, त्यांचं काम एवढंच की हवेला बारीक बारीक कप्प्यांत कोंडून ठेवायचं. म्हणून इन्सुलेशन दाबून दाबून कोंबलं तर ते कमी काम करतं, हे बऱ्याच जणांना पटत नाही.

फटींचं प्रकरण याहून वाईट. 300 घनमीटरचं घर धरा, तिकडच्या मानाने मध्यम, आणि त्यातली सगळी हवा तासातून एकदा बदलतेय असं धरा, जुन्या लाकडी घरांत एवढी गळती काही विशेष नाही. 40 अंशांच्या फरकाला नुसती ती आत येणारी हवा तापवायला जवळपास 4 किलोवॉट लागतात, म्हणजे दोन मोठे गीझर सतत चालू. आणि फटी असतात कुठे, तर आपण बघतो तिथे नाहीच. गरम हवा हलकी, ती वर चढते आणि माळ्याच्या झाकणाच्या कडेने, चिमणीभोवतीच्या पोकळीतून, छताच्या दिव्यांच्या भोकांतून निसटते. जेवढी वर गेली तेवढी खालून आत ओढली जाते, तळघराची भिंत आणि लाकडी चौकट जिथे टेकते तिथून, विजेच्या बोर्डांच्या मागून. म्हणजे पाय गारठतात म्हणून माणूस दाराखाली टॉवेल कोंबत बसतो आणि खरं भोक असतं डोक्यावर, माळ्यात. वाऱ्याच्या दिवशी पेटती उदबत्ती स्विचबोर्डजवळ धरली तर धूर वाकडा होतो, एवढा साधा शोध पुरतो.

पण साडेतीन हजारांच्या गावात उदबत्ती घेऊन किती घरं फिरणार. म्हणून ओसेजमध्ये इन्फ्रारेड कॅमेऱ्याने इमारतींचे फोटो काढून दिले, ग्राहकाला एक पैसा न लावता. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार किरण टाकत असते, आपल्या भिंती-छपरांच्या तापमानाला त्या किरणांची तरंगलांबी 10 मायक्रॉनच्या आसपास पडते, डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाच्या वीसेक पट. डोळ्याला ते दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. थंडीच्या रात्री बाहेरून फोटो काढला की जिथून उष्णता गळतेय ती जागा उजळ दिसते. रात्रीच का? कारण दिवसा उन्हाने भिंत तापते आणि सगळा फोटो बिघडतो. त्या काळातल्या चांगल्या थर्मल कॅमेऱ्यांचा सेन्सर द्रवरूप नायट्रोजन ओतून थंड ठेवावा लागायचा, नाहीतर कॅमेऱ्याला स्वतःचीच उष्णता दिसली असती, आता हाच कॅमेरा मोबाईलला जोडायच्या डबीत मिळतो. तरी एक सावधगिरी आजही लागते, चकचकीत अॅल्युमिनियमचा पत्रा आणि खिडकीची काच या कॅमेऱ्याला फसवतात, पत्रा गरम असूनही थंड दिसतो कारण तो स्वतःचे किरण कमी टाकतो आणि आकाशाचे परावर्तित करतो.

माझ्या मते बर्डसॉल यांची खरी चलाखी या फोटोंमध्ये होती. तुमच्या घराचा यू-फॅक्टर, म्हणजे भिंती-काचांतून उष्णता किती सुटते त्याचा आकडा, अमुक आहे असं सांगितलं तर कोण ढिम्म हलणार नाही, पण तुमच्याच घराच्या कौलाखालून पैसे उडताना दाखवले, आणि शेजाऱ्याचं घर मात्र गडद दिसतंय हेही दिसलं, की माणूस शनिवारी हार्डवेअरच्या दुकानात जातोच. गाव छोटं असल्याचा फायदा इथे झाला असणार.

दुसरं काम आणखी साधं, पाण्याच्या टाक्यांचं. तिकडे आपल्यासारखं आंघोळीच्या आधी 15 मिनिटं गीझर लावायची पद्धत नाही, दीड-पावणेदोनशे लिटरची टाकी तळघरात चोवीस तास गरम ठेवलेली असते, घरात कोणी असो नसो. जुन्या टाकीतून सतत 100 वॉट जरी गळत असतील तर वर्षाला 876 युनिट होतात, तेवढ्यात आपल्याकडे एखाद्या छोट्या घराचा अख्खा वर्षाचा वापर निघेल. युटिलिटीने टाकीला गुंडाळायची जॅकेटं फुकट दिली, टाकीची गोधडीच म्हणा ना, आणि तो खर्च चटकन वसूल झाला. पुढे कमी वॉटचे बल्ब आले, सावलीसाठी झाडं लावली, कारण तिकडचा उन्हाळाही दमट आणि चिकट असतो आणि दुपारी सगळ्यांचे एसी एकदम सुरू होतात.

एसीचं गणित जरा समजून घेण्यासारखं आहे. गावाची युटिलिटी बरीचशी वीज बाहेरून घाऊक घ्यायची, आणि घाऊक बिलात नुसते युनिट मोजत नाहीत, तुमची कमाल मागणी किती होती त्याचाही आकार असतो. वर्षातल्या एका भयानक उकाड्याच्या दुपारी तास-दोन तास मागणी चढली तर त्याचा भुर्दंड पुढे कितीतरी दिवस भरायचा. म्हणून लोकांच्या संमतीने एसीवर एक कंट्रोल बसवायचा, मागणी शिगेला पोचली की तो कॉम्प्रेसर थोडी मिनिटं बंद ठेवतो, मग दुसऱ्या घराचा नंबर. घर नीट इन्सुलेटेड असेल तर तेवढ्या वेळात आतलं तापमान जेमतेम अर्धा-एक अंश वाढतं, कोणाला कळतही नाही. घर गळकं असेल तर लगेच कळतं आणि फोन खणखणतात. म्हणजे फटी बुजवल्या म्हणून हे जमलं, दोन्ही कामं एकमेकांत अडकलेली आहेत.

या सगळ्याचं फळ काय, तर गावाचे मिळून वर्षाला 10 लाख डॉलरच्या वर वाचायला लागले, घरटी 1,000 डॉलरहून जास्त. ऊर्जातज्ज्ञ अॅमरी लव्हिन्स ओसेजचं उदाहरण वर्षानुवर्षं देत आलेत, त्यांच्या सांगण्यानुसार युटिलिटीने आपलं सगळं कर्ज मुदतीआधी फेडलं, गंगाजळी जमवली आणि 5 वर्षांत 5 वेळा दर कमी केले. स्वस्त विजेमुळे दोन मोठे कारखाने गावात आले. पूर्वी जो पैसा गॅस आणि कोळशापोटी गावाबाहेर जायचा तो गावातल्याच सुताराकडे आणि दुकानदाराकडे फिरायला लागला. आयोवातल्या छोट्या गावांना 1980 च्या दशकात शेतीच्या कर्जसंकटाने झोडपून काढलं होतं हे लक्षात घेतलं तर ही काही लहानसहान गोष्ट नाही.

घर घट्ट बंद करण्याची दुसरी बाजूही आहे. हवा खेळायची थांबली की आतला ओलावा थंड भिंतीवर जमतो आणि बुरशी धरते, घर तापवणाऱ्या गॅसच्या भट्टीला पुरेशी हवा मिळाली नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात उलटा येऊ शकतो. त्यात आयोवाच्या जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सारी वायू निघतो, राज्याच्या सगळ्याच्या सगळ्या 99 काउंट्या (आपल्याकडचे जिल्हे म्हणा) अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने रेडॉनच्या सर्वात जास्त धोक्याच्या गटात टाकलेल्या आहेत. त्यामुळे आता फटी बुजवताना हवा बाहेर टाकायची सोय आणि रेडॉनची तपासणी सोबतच करतात.

आपल्याकडे उष्णतेची दिशा उलटी. विदर्भ-मराठवाड्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब रात्री 11 वाजेपर्यंत खाली आग ओकत असतो. भौतिकशास्त्र तेच, फक्त माळ्यावर ग्लासवूल टाकण्याऐवजी गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा चुना किंवा चायना मोझॅक (फरशीचे पांढरे तुकडे), आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली, आतून जाड पडदा लावून तेवढा उपयोग नाही कारण ऊन काचेतून आत आलेलंच असतं.

उपाय एवढे सोपे तर बाकीच्या वीज कंपन्या असं का करत नाहीत? कारण बहुतेक कंपन्यांचं उत्पन्न विकलेल्या युनिटांवर चालतं. ओसेजमध्ये ग्राहक आणि मालक एकच, गावकरी, त्यामुळे कमी विक्रीने दुखवायला कोणी उरलंच नव्हतं. खाजगी कंपनीच्या शेअरहोल्डरला ते दुखतं. यावर कॅलिफोर्नियाने 1982 च्या सुमाराला वीज कंपन्यांसाठी वेगळी पद्धत काढली, कंपनीचं मंजूर उत्पन्न आधीच ठरवायचं, विक्री कमी-जास्त झाली की पुढच्या दरात तो फरक वळता करायचा, म्हणजे ग्राहकाने वीज वाचवली म्हणून कंपनीच्या पोटात दुखत नाही. महाराष्ट्रात यात आणखी एक गुंता आहे. शेतीपंपाला वीज खर्चापेक्षा स्वस्त आणि मॉल-ऑफिसांना महाग, त्या जास्तीच्या पैशातून हा तोटा भरून काढायचा. म्हणजे पंपाचं युनिट वाचलं तर कंपनीचा फायदा आणि मॉलचं युनिट वाचलं तर तोटा, आणि इन्सुलेशन, सावल्या, कमी वीज खाणारे एसी यांनी सगळ्यात जास्त वीज वाचते ती नेमकी मॉल आणि ऑफिसांच्या इमारतींमध्येच.