डिझेल गोठलंय की डिझेलात पाणी आहे?

डिसेंबर लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी भागात सकाळच्या वेळी हमखास ऐकू येतं: "थंडीनं डिझेल गोठलंय बघा." सेल्फ मारला की ट्रॅक्टर चालू होतो, थोडा वेळ चालतो, आचके देतो आणि बंद पडतो. मग कोणी टाकीत रॉकेल ओततो, तर कोणी टाकीखाली पेटता बोळा धरतो. हे दोन्ही करू नका, असं कळकळीनं सांगावंसं वाटतं. आपल्याकडे असा त्रास झाला तर पहिला संशय पाण्यावर घ्यायचा, थंडीवर नाही.

गोंधळ होतो तो लक्षणं सारखी असल्यामुळे. दोन्हीत अडचण फिल्टरपाशीच येते आणि इंजिनाला पुरेसं इंधन मिळत नाही. कारणं मात्र अगदी वेगळी आहेत.

डिझेलमध्ये मेणाचा अंश मुळातच असतो. ती भेसळ नव्हे. याच घटकांमुळे डिझेल इंजिनात चटकन पेट घेतं. गारठा वाढला की थंडीत खोबरेल तेल थिजतं तसं हे मेण सुटं होऊ लागतं. आधी डिझेल ढगाळ दिसतं, मग मेणाचे बारीक कण फिल्टरच्या कागदावर थर धरतात आणि शेवटी सगळं डिझेलच वाहायचं थांबतं. म्हणजे डिझेल पातळ दिसत असतानाही गाडी बंद पडू शकते, कारण फिल्टर त्याआधीच चोंदलेला असतो.

हे किती तापमानाला होतं? भारतीय मानकानुसार नोव्हेंबर ते फेब्रुवारीत विकलं जाणारं डिझेल ६ अंश सेल्सिअसपर्यंत तरी फिल्टरमधून जायला हवं. बाकीच्या आठ महिन्यांसाठी ही मर्यादा १८ अंश आहे. बेळगावात कडाक्याच्या थंडीतही पहाटेचा पारा साधारण दहा-बाराच्या आसपास असतो. त्यामुळे डिसेंबरात पंपावरून ताजं भरलेलं डिझेल इथं गोठण्याचं कारण नाही. पण मे महिन्यात भरून शेडमध्ये ठेवलेल्या बॅरलची गोष्ट वेगळी. ते उन्हाळी डिझेल असतं आणि डिसेंबरच्या पहाटे त्यात मेण धरू शकतं. म्हणून नुसता थर्मामीटर बघून निकाल देता येत नाही.

पाण्याचं तसं नाही, ते बाहेरून येतं. टाकी अर्धी रिकामी ठेवली की आतल्या दमट हवेचं रात्री पाणी होऊन पत्र्यावरून खाली उतरतं. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात बॅरलचं झाकण सैल राहिलं, किंवा ओलं कॅन तसंच ओतलं, तरी पुरे. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि तिथंच महिनोन्‌महिने राहिलं तर पाणी आणि डिझेल यांच्या मधल्या थरात जंतू वाढून काळपट बुळबुळीत गाळ तयार होतो. गळीत हंगामाआधी बरेच दिवस उभे राहिलेले ट्रॅक्टर यात जास्त सापडतात. पावसाळ्यात साचलेलं पाणी थंडीत त्रास देतं आणि बोल थंडीला बसतो.

ओळखायचं कसं? पाण्याची पारदर्शक बाटली स्वच्छ करून पूर्ण कोरडी करा. फिल्टरच्या किंवा वॉटर सेपरेटरच्या (डिझेलातलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याच्या) खालचा स्क्रू हळूच सैल करून पहिली धार तिच्यात घ्या आणि बाटली सपाट जागी ठेवा. पाणी असेल तर थोड्या वेळात तळाशी गोळे जमतात, मग खाली पाणी आणि वर पिवळसर डिझेल अशी स्पष्ट रेघ दिसते. मेण असेल तर रेघ नसते, सगळीच बाटली दुधाळ दिसते. तरी शंका राहिली तर बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात उभी करा. मेण विरघळून डिझेल नितळ होतं. पाणी मात्र तळाशी तसंच राहतं. सेल्फच जड फिरत असेल तर या दोन्हींचा नाद सोडून आधी बॅटरी बघा.

पाणी निघालं तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत ते काढून टाका, फिल्टर बदला, प्रायमिंग पंपानं (इंधन हातानं पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपानं) नळ्यांतली हवा काढा, टाकीचा तळ धुऊन घ्या. इथं रॉकेलचा काडीचाही उपयोग नाही. उलट रॉकेलला डिझेलइतकं वंगण नसतं, त्यामुळे कॉमन रेल, म्हणजे खूप दाबानं डिझेल फवारणाऱ्या इंजिनांच्या गाड्यांचे पंप आणि डिझेल फवारणारे इंजेक्टर झिजतात. पाणी तसंच राहिलं तर इंजेक्टर गंजतात, आणि तो खर्च मोठा असतो. मेण असेल तर गाडी उन्हात किंवा बंद शेडमध्ये घ्या, फिल्टरवर गरम पाण्याचं फडकं ठेवा, चोंदलेला फिल्टर बदला. गोठण रोखणारं औषध मेण धरण्याआधी टाकायचं असतं; धरलेलं मेण ते विरघळवत नाही.

खरं गोठणं काय असतं ते लडाखला ट्रक नेणाऱ्यांनी आणि मराठा लाइट इन्फंट्रीतून तिकडे राहून आलेल्या आपल्या जवानांनी पाहिलंय. तिथं पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश उतरतो. इंडियन ऑइलनं २०१९ साली तिथं उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं. तिकडे जाताना पाणी आणि मेण ही दोन्ही संकटं एकदम येतात, कारण टाकीतलं पाणी शून्याखाली बर्फ होऊन नळीत अडकतं. म्हणून निघण्याआधी सेपरेटर रिकामा करा, खालचं साधं डिझेल वर पोहोचेपर्यंत कमी होईल असा हिशेब ठेवा आणि तिथलं डिझेल मुक्कामाआधीच भरून इंजिन थोडा वेळ चालवा, म्हणजे फिल्टर आणि नळ्यांमधलं जुनं डिझेलही रात्रीच्या आत निघून जातं.