डॅडो रेल, फोटोपट्टी आणि साडेनऊ फुटांची भिंत

घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये किंवा खारघर-उलव्याच्या फ्लॅटमध्ये इंटिरियरचं काम निघालं की हल्ली एक मागणी हमखास होते: हॉलच्या एका भिंतीवर मोल्डिंगच्या चौकटी आणि त्यांच्या डोक्यावर, कमरेच्या जरा खाली-वर, एक आडवी पट्टी. इंटिरियरवाला तिला डॅडो रेल किंवा चेअर रेल म्हणतो, सुताराच्या लेखी ती बीडिंग. मोबाइलवरच्या फोटोत देखणी दिसणारी ही पट्टी घरात लागल्यावर बेढब का वाटते आणि दुसऱ्या पावसाळ्यात भिंत का सोडते, या दोन्हींचं उत्तर ती मुळात कशासाठी लावत असत, यात आहे.

युरोपात भिंतीची ही विभागणी प्राचीन ग्रीक-रोमन खांबावरून आली. खाली बैठक, मधे खांबाचा दांडा, वर तुळईचा नक्षीदार भाग. तेच प्रमाण भिंतीवर उतरवलं, की बैठकीच्या माथ्याशी जी रेघ येते ती डॅडो रेल. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तिला रोजचं कामही मिळालं. खुर्च्या वापरून झाल्या की भिंतीकडेला लावून ठेवत, आणि त्यांच्या पाठी भिंतीला घासत. म्हणून अडीच-तीन फुटांवर लाकडाची पट्टी. तिच्याखाली लाकडी पॅनेल, वर गिलावा, कापड किंवा वॉलपेपर. दोन वेगळ्या कामांचा सांधाही याच पट्टीखाली झाकला जाई.

व्हिक्टोरियन काळात, विशेषतः १८७० नंतर, भिंतीचे सरळ तीन भाग झाले: खाली डॅडो, मधला पट्टा आणि वर छताला लागून असलेला फ्रीझ. फ्रेडरिक वॉल्टन या लिनोलियम शोधून काढणाऱ्या माणसाने १८७७ मध्ये लिंक्रस्टा हे उठावदार, धुता येणारं भिंतीचं आवरण आणलं. जिन्याच्या आणि बोळाच्या खालच्या भागाला ते फार चाललं, कारण तिथेच धक्के जास्त. मधला पट्टा आणि फ्रीझ यांच्यामधल्या रेघेवर बसली ती पिक्चर रेल. तिचं कारण अगदी साधं होतं. त्या भिंती म्हणजे लाकडी पट्ट्यांवर थापलेला चुन्याचा गिलावा. खिळा ठोकला की खपली निघायची. त्यापेक्षा खोलीभर एकच भक्कम पट्टी फिरवायची, तिच्या माथ्यावर पितळी आकडे अडकवायचे आणि तसबिरी साखळीने खाली सोडायच्या. पहिल्या महायुद्धानंतर घरं ठेंगणी झाली, मजुरी वाढली, धूळ बसणाऱ्या नक्षीचा कंटाळा आला. डॅडो रेल आधी गेली, पिक्चर रेल १९३० च्या दशकापर्यंत टिकली.

आपल्याकडे खुर्चीच नव्हती, पण भिंत खराब व्हायचीच. जमिनीवर बसून भिंतीला टेकणाऱ्या माणसाच्या डोक्याचा तेलकट डाग साधारण तीस इंचांवर पडतो. खुर्चीची पाठही जवळपास त्याच उंचीला येते. गावाकडच्या घरांत वर चुना आणि खाली गेरूचा किंवा गडद रंगाचा पट्टा असे, तो याच कारणाने. पुढे ऑइल पेंट आल्यावर शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या, चाळींचे जिने, सगळीकडे खाली चार-पाच फूट ऑइल पेंट आणि वर डिस्टेंपर ही पद्धत रुळली. रंगारी सूत मारून दोन्हींच्या मधे अर्ध्या-पाऊण इंचाची तिसऱ्या रंगाची रेघ ओढतो. ती रेघ म्हणजे बिनलाकडाची डॅडो रेलच. दोन रंगांचा वेडावाकडा सांधा ती झाकते. आणि स्वयंपाकघरात ओट्यावरच्या दोन फूट टाइल्सना आपला प्लंबरसुद्धा डॅडोच म्हणतो.

पिक्चर रेलचा भाऊबंद तर ठाण्यातल्या नौपाडा-चेंदणीच्या जुन्या घरांनी आणि मुंबईच्या चाळींनी चांगलाच पाहिलेला आहे. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला, आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी साध्या घरांतही येऊ लागल्या. त्यात वाडवडिलांचे फोटो. हे सगळं मातीच्या किंवा चुन्याच्या भुसभुशीत भिंतीवर टांगायचं कसं? तर सहा-सात फुटांवर तीन-चार इंच रुंदीची सागवानी पट्टी, म्हणजेच फोटोपट्टी, भिंतभर ठोकायची आणि खिळे त्या पट्टीत मारायचे. पट्टी बसायची भिंतीत आधी गाडलेल्या लाकडी खुंट्यांवर. तसबिरी वरून पुढे झुकलेल्या असत, म्हणजे खाली बसलेल्याला नीट दिसत, काचेवर उजेड चमकत नसे आणि मागून हवा खेळत असल्याने ओलीने चित्राला बुरशीही कमी लागे. मागच्या पोकळीत पालीचा संसार असे, पण तो सगळ्यांनी गृहीतच धरलेला.

भिंतीत खुंटी गाडायची गरज संपवली ती भोकात बसून स्क्रू घट्ट धरणाऱ्या प्लगने. जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी १९११ मध्ये तागाच्या तंतूंच्या प्लगचं पेटंट घेतलं. आज हार्डवेअरवाल्याकडे आपण जी प्लॅस्टिकची गिट्टी मागतो, तिचा हा पूर्वज. ‘रावल प्लग’ हे नाव अजून जुन्या सुतारांच्या तोंडी आहे. स्वस्तातल्या गिट्टीने कुठेही फ्रेम लागू लागली तशी फोटोपट्टी उतरली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर वाशीपासून जी घरं उभी राहिली, त्यांत विटेची भिंत आणि सिमेंटचा गिलावा. तिथे गिट्टी छान धरते, पट्टीची गरज उरली नाही.

आता डॅडो रेल असो वा पिक्चर रेल, पट्टी परत आली आहे ती निव्वळ शोभेसाठी, आणि चुका इथेच सुरू होतात. मूळ प्रमाण अकरा-बारा फुटी खोल्यांचं आहे. आपल्या फ्लॅटची उंची साधारण साडेनऊ फूट, फॉल सीलिंगनंतर नऊ. इंटरनेटवरच्या फोटोतली पट्टी चाळीस इंचांवर दिसते म्हणून इथे चाळीसला लावली की खोली मधोमध कापल्यासारखी वाटते. नऊ फुटी खोलीत ३२ ते ३४ इंच पुरे, रुंदी दोन-अडीच इंच. डॅडो आणि पिक्चर रेल दोन्ही एकाच खोलीत लावायच्या भानगडीत पडू नये. भिंतीला श्वास राहत नाही. नक्की उंची मात्र टेपने नाही, खिडकीच्या कट्ट्याने आणि स्विचबोर्डांनी ठरते. बोर्ड बहुधा चार फुटांवर असतात, पण पलंगाशेजारचे दोन-अडीच फुटांवर, आणि पट्टी बोर्डाला अर्धवट चाटून गेली तर ते कायमचं डोळ्यात खुपतं. कट्टा ३३ इंचांवर असेल तर पट्टी त्याच्या रेषेत घ्यावी. दाराच्या चौकटीची पट्टी बारा मिलिमीटर जाड आणि रेल अठरा, असं झालं तर रेलची कड बाहेर उघडी पडते. म्हणून खरेदीला जाताना चौकटीची जाडी मोजून न्यावी.

दहा बाय बाराच्या खोलीचा घेर ४४ फूट. दाराचे तीन, बाल्कनीच्या स्लायडिंगचे सहा, वॉर्डरोबचे आठ वजा केले की उरतात २७. कापाकापीचे पंधरा टक्के धरून ३१, म्हणजे आठ फुटी चार नग. पाचवा नग जास्तीचा घ्यावा, कारण पुढच्या लॉटमध्ये नक्षीचा साचा किंचित वेगळा निघतो.

माल कोणता? पॉलिस्टायरिन, म्हणजे थर्माकोलच्या जातीचं प्लॅस्टिक, हलकं, पाण्याला न घाबरणारं, पण खुर्ची आदळली की खळी पडते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, रंगाला गुळगुळीत आणि स्वस्त. मात्र ठाण्याच्या पावसात पश्चिमेच्या किंवा बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर ते कडेने फुगतं आणि पुन्हा बसत नाही. पाठीमागूनही प्रायमर मारलेला असेल तरच लावावं. सागवान सगळ्यांत टिकाऊ, पण पट्टी खरंच तसबिरी पेलणार असेल तरच तेवढा खर्च सार्थकी लागतो. पॉलिस्टायरिनच्या ‘पिक्चर रेल’ला फ्रेम टांगू नये, ती फक्त दिसायला पिक्चर रेल आहे. खरी हवी असेल तर लाकडाची, माथ्यावर आकड्यासाठी खाच असलेली, आणि दर सोळा इंचांवर गिट्टी-स्क्रू.

पट्टी सुटण्याचं मुख्य कारण गोंद कच्चा हे नसतं. गोंद धरतो तो डिस्टेंपरला, आणि डिस्टेंपर भिंतीला धरत नाही. सुटलेल्या पट्टीची पाठ पाहिली तर गोंदावर रंगाचा अखंड पापुद्रा चिकटलेला दिसतो. म्हणून लेझर किंवा लेव्हल ट्यूबने रेघ मारल्यावर पट्टीच्या रुंदीपेक्षा अर्धा इंच कमी रुंदीत रंग खरवडून, पुसून, मगच गोंद लावायचा. गोंद सुकेपर्यंत धरायला दीड-दोन फुटांवर पिना. मिवानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, सलग काँक्रीट भिंतीत पिना शिरतच नाहीत, वाकतात. तिथे मास्किंग टेपने रात्रभर धरून ठेवावं लागतं किंवा हॅमर ड्रिलने मोजकी भोकं. वायरिंगचे पाइप बोर्डापासून सरळ वर किंवा खाली गेलेले असतात, तेव्हा बोर्डाच्या रेषेत भोक नको. एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, भिंतीत उलट अडचण: हॅमर चालू ठेवला की भोक ऐसपैस होतं आणि गिट्टी फिरत राहते. हॅमर बंद, गिट्टी लांब, आणि ती गिलाव्यापलीकडे ब्लॉकमध्ये गेलेली हवी.

कोपरे नव्वद अंशाचे नसतात, हे गृहीत धरूनच काप घ्यावा. दोन्हीकडे ४५ अंश मारले तर पुढे फट पडते आणि रंगारी ती लांबीने (पुट्टीने) बुजवतो. पहिल्या उन्हाळ्यात ती केसासारखी फुटते. लाकूड किंवा एमडीएफ असेल तर एक पट्टी कोपऱ्यापर्यंत सरळ न्यावी आणि दुसरीचं टोक पहिलीच्या नक्षीबरहुकूम कोरून तिच्यावर बसवावं. लांब भिंतीवर दोन पट्ट्यांचा सांधा उभा न कापता तिरका कापावा. रंगाचे दोन हात पट्टी बसवण्याआधीच द्यावेत, उरलेला शेवटचा हात बसवल्यावर. भिंत आणि पट्टीमधली फट ॲक्रिलिक सीलंटने भरावी. सिलिकॉन भरलं तर त्यावर रंग धरत नाही, आणि मग ती चकचकीत रेघ पट्टीच्या वरच्या कडेने तशीच राहते.