नेटवर्क नेमके कुठे अडते?

ऑफिसात व्हिडिओ कॉल अडखळू लागला किंवा शाखेतून मुख्य सर्व्हरवरचे सॉफ्टवेअर उघडायला वेळ लागू लागला, की पहिली मागणी ठरलेली असते: इंटरनेटचा स्पीड वाढवून घ्या. 100 एमबीपीएसची लाइन 200ची होते, बिल वाढते आणि बऱ्याचदा तक्रार जिथल्या तिथे राहते. एमबीपीएस हा आकडा सेकंदाला किती डेटा जाऊ शकतो एवढेच सांगतो. एखादे पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पोचायला किती वेळ घेते, हे त्यातून कळत नाही. काचेच्या फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो. फायबर 1000 किलोमीटर लांब असेल तर जाऊन-येऊन 10 मिलिसेकंद लागणारच, लाइन कितीही मोठी घ्या. शिवाय वाटेतल्या राउटरमध्ये (पॅकेट पुढच्या टप्प्याकडे पाठवणाऱ्या यंत्रात) रांग लागली की वेळ आणखी वाढतो. एक पान दाखवण्यासाठी प्रोग्राम सर्व्हरकडे एकामागून एक 50 फेऱ्या मारत असेल आणि प्रत्येक फेरीला 80 मिलिसेकंद लागत असतील, तर 4 सेकंद तिथेच गेले.

फेरीचा हा वेळ मोजायला पिंग नावाचा छोटा प्रोग्राम आहे. माइक मूस यांनी तो डिसेंबर 1983मध्ये लिहिला. पण पिंग एकूण वेळ सांगतो, उशीर कुठे झाला ते सांगत नाही. वाटेतले बहुतेक राउटर दुसऱ्यांच्या मालकीचे असतात, त्यांत डोकावता येत नाही. मग आतले कसे कळणार? नेटवर्क संशोधक व्हॅन जेकबसन यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस यावर जी युक्ती लढवली, तिच्याइतकी देखणी युक्ती नेटवर्किंगमध्ये मला दुसरी दिसत नाही. तिचे नाव ट्रेसराउट.

इंटरनेटवरच्या प्रत्येक आयपी पॅकेटच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, टीटीएल नावाचा 8 बिटांचा आकडा असतो, म्हणजे जास्तीत जास्त 255. पॅकेट पुढे पाठवताना प्रत्येक राउटर त्यातून 1 वजा करतो. आकडा शून्यावर आला की राउटर ते पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसे कळवतो. मार्गात गडबड होऊन पॅकेट राउटरांमध्येच कायमचे फिरत राहू नये, म्हणून ही सोय आहे. पण त्या निरोपावर राउटरचा स्वतःचा आयपी पत्ता असतो! ट्रेसराउट नेमका याचाच फायदा घेतो. टीटीएल 1 ठेवून पॅकेट सोडायचे, ते पहिल्याच राउटरवर संपते आणि तो आपला पत्ता देतो. मग 2, मग 3. प्रत्येक निरोप किती वेळाने आला तेही मोजायचे. युनिक्सवरचा मूळ ट्रेसराउट ही पॅकेट्स यूडीपी या साध्या पद्धतीने अशा पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या क्रमांक दिलेल्या दारावर, पाठवतो, जिथे सहसा कोणी ऐकत नसते. त्यामुळे शेवटच्या यंत्राकडून 'हे पोर्ट उपलब्ध नाही' असा वेगळा निरोप येतो आणि मुक्काम आल्याचे समजते.

आता वाचनातली हमखास होणारी चूक. समजा, चौथ्या राउटरसमोर 3 मिलिसेकंद, पाचव्यासमोर 180 आणि सहाव्यासमोर 5 असे आकडे आले. पाचवा राउटर बिघडला, असे म्हणून लगेच तक्रार नोंदवली जाते. पण सहाव्यापर्यंतचे पॅकेट पाचव्यातूनच गेले ना? मोठ्या राउटरमध्ये पॅकेट पुढे पाठवण्याचे काम खास चिप करते आणि असे निरोप लिहिण्याचे काम वेगळ्या प्रोसेसरकडे असते. तो ही कामे सवडीने करतो, कधी उत्तरच देत नाही आणि यादीत आकड्यांऐवजी नुसत्या चांदण्या (*) दिसतात. पाचव्यापासून शेवटपर्यंत सगळेच आकडे 180च्या आसपास राहिले, तर मात्र त्या टप्प्यावर लक्ष द्यायचे. तिथेही लांबचा समुद्राखालचा केबल असू शकतो. म्हणून सगळे सुरळीत असतानाचे आकडे आधीच नोंदवून ठेवावे लागतात. तुलनेला काही नसेल तर 180 जास्त की नेहमीचेच, हे ठरवणार कसे?

काही झाले की राउटर बंद करून चालू करायचा, हा तोडगा अंगाऱ्या-धुपाऱ्याच्या जातीचा आहे. कधी गुण येतो, पण रीस्टार्टबरोबर मेमरीतले काउंटर (पॅकेट्स आणि चुकांची मोजदाद) शून्य होतात आणि बाहेर साठवलेले नसतील तर लॉगही, म्हणजे घडामोडींच्या नोंदीही, जातात. बिघाडाचे कारण शोधायला तेच हवे असतात. नेटवर्कवर नजर ठेवणारा महागडा डॅशबोर्ड घेऊनही हा पुरावा परत मिळत नाही.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. पॅकेट ज्या वाटेने गेले, त्याच वाटेने उत्तर येईल असे नाही. ट्रेसराउटमध्ये जातानाची वाट दिसते, पण वेळ मोजला जातो तो दोन्ही वाटांचा. म्हणून शाखेतून मुख्य सर्व्हरकडे ट्रेसराउट चालवला, की त्याच सुमारास मुख्य सर्व्हरकडून शाखेकडेही चालवायचा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचायच्या.