टल्सा शॉकचा ३-३१ हंगाम: पराभवाची मुळे डेट्रॉइटमध्ये

अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, म्हणजे डब्ल्यूएनबीएमध्ये, ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शॉक या संघाने २०११ साली ३४ सामने खेळून केवळ ३ जिंकले आणि ३१ गमावले. न्यूयॉर्क लिबर्टीने २०२० च्या आखूड हंगामात २२ पैकी २ सामने जिंकले होते. टक्केवारी काढली तर टल्साचा हंगाम त्याहूनही किंचित खाली भरतो. त्या ३१ पराभवांपैकी २० तर एकापाठोपाठ एक झाले. ‘लीगमधील सर्वांत वाईट संघ’ असा या हंगामाचा उल्लेख आजही होतो आणि तो करताना बोट बहुधा त्या उन्हाळ्यात मैदानात उतरलेल्या खेळाडूंकडे दाखवले जाते. मला हे अन्यायाचे वाटते, कारण हा हंगाम हरण्याची तयारी त्याच्या दीड वर्ष आधी, वेगळ्या शहरात आणि मैदानाबाहेरच्या निर्णयांतून झाली होती.

हा संघ मुळात डेट्रॉइटचा. १९९८ साली डेट्रॉइट शॉक या नावाने तो लीगमध्ये आला. २००२ मध्ये त्याने पहिले दहा सामने सलग गमावले, तेव्हा डेट्रॉइट पिस्टन्स या पुरुष संघाचे जुने विजेते खेळाडू बिल लेम्बीर यांच्याकडे प्रशिक्षकपद देण्यात आले. तो हंगाम ९-२३ असा संपला खरा, पण पुढच्याच वर्षी त्याच संघाने २५ सामने जिंकून विजेतेपद मिळवले आणि अंतिम मालिकेच्या निर्णायक सामन्याला ऑबर्न हिल्सच्या ‘पॅलेस’ मैदानात २२,०७६ प्रेक्षक आले. तळाचा संघ एका वर्षात विजेता होऊ शकतो, हे ज्या संघाने दाखवून दिले, त्याच संघाच्या वाट्याला पुढे टल्साचे दिवस आले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २००६ आणि २००८ मध्ये आणखी दोन विजेतेपदे आली. डिआना नोलन, चेरिल फोर्ड, केटी स्मिथ, प्लेनेट पिअर्सन या नावांनी त्या काळातील महिला बास्केटबॉलला एक दणकट, अंगावर जाऊन खेळण्याची शैली दिली.

मार्च २००९ मध्ये संघमालक बिल डेव्हिडसन यांचे निधन झाले आणि जूनमध्ये, हंगाम सुरू झाल्यावर, लेम्बीर यांनीही पद सोडले. डेट्रॉइट शहर तेव्हा मोटार उद्योगाच्या मंदीत सापडले होते. लीगची स्थितीही नाजूक होती: पहिली चार विजेतेपदे सलग जिंकणारा ह्यूस्टन कॉमेट्स हा संघ डिसेंबर २००८ मध्ये बंद पडला होता आणि २००५ चा विजेता सॅक्रामेंटो मोनार्क्स २००९ च्या अखेरीस बंद झाला. डब्ल्यूएनबीए १९९७ मध्ये सुरू झाली तेव्हा सगळे संघ एनबीए या पुरुषांच्या लीगच्या छत्राखाली, एनबीएच्याच शहरांत होते. २००२ नंतर नियम बदलून स्वतंत्र मालकांना आणि एनबीए संघ नसलेल्या शहरांनाही वाट मोकळी करून देण्यात आली. याच वाटेने ऑक्टोबर २००९ मध्ये डेट्रॉइट शॉक विकला गेला आणि टल्साला नेण्याचे जाहीर झाले. टल्साकडे २००८ मध्ये उघडलेले बीओके सेंटर हे मोठे नवे मैदान होते, उत्साही स्थानिक गुंतवणूकदार होते आणि जवळच्या ओक्लाहोमा सिटीने एनबीए संघ मिळवल्याचे ताजे उदाहरण समोर होते.

टल्साला संघ मिळाला, पण त्यासोबत खेळाडू मिळाले नाहीत. डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्यातला आणि त्या काळी तेथील पगारावर कडक मर्यादा होती. त्यामुळे नावाजलेल्या खेळाडू हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान यांसारख्या देशांतील क्लबांकडून खेळत आणि तेथे त्यांना घरच्या लीगच्या कित्येक पट पैसे मिळत. ज्या खेळाडूची खरी कमाई परदेशात होते, तिच्या दृष्टीने उन्हाळा कोठे आणि कोणासाठी घालवायचा हा बऱ्याच अंशी मनाचा प्रश्न असतो. डेट्रॉइटशी ज्यांचे मन जुळले होते, त्यांना टल्साशी बांधून ठेवणारे काहीच नव्हते. डिआना नोलन ही डेट्रॉइटच्याच मिशिगन राज्यात वाढलेली आणि संघाची सर्वांत मोठी खेळाडू. ती रशियात खेळत राहिली आणि डब्ल्यूएनबीएमध्ये परतलीच नाही. चेरिल फोर्डही टल्साला आली नाही. केटी स्मिथने वॉशिंग्टनशी करार केला, तर ताज मॅकविल्यम्स-फ्रँकलिन न्यूयॉर्कला गेली. जे उरले होते तेही २०१० च्या हंगामात पांगले: पिअर्सनची न्यूयॉर्कशी, कारा ब्रॅक्स्टनची फीनिक्सशी, शावोंटे झेलसची इंडियानाशी आणि ॲलेक्सिस हॉर्नबकलची मिनेसोटाशी अदलाबदल झाली. २००९ मध्ये पूर्व विभागाची अंतिम मालिका खेळलेला संघ २०१० मध्ये ६-२८ वर येऊन थांबला.

या फेरबदलांमागे नोलन रिचर्डसन होते. प्रशिक्षक आणि महाव्यवस्थापक ही दोन्ही पदे त्यांच्याकडे होती. टल्सा विद्यापीठाला १९८१ मध्ये आणि अर्कान्सॉ विद्यापीठाला १९९४ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा जिंकून देणारे हे प्रशिक्षक टल्साकरांच्या आदराचे स्थान होते आणि नव्या मालकांनी त्यांची निवड का केली हे समजण्यासारखे आहे. परंतु त्यांची सारी कीर्ती पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळात घडलेली होती. संपूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला भिडून, ताज्या दमाचे खेळाडू सतत आत-बाहेर करत चाळीस मिनिटे श्वास घेऊ द्यायचा नाही, ही त्यांची पद्धत. महाविद्यालयात राखीव खेळाडूंची फळी मोठी असते आणि चढाईसाठी तेव्हा ३५ सेकंद मिळत. डब्ल्यूएनबीएमध्ये संघ अकरा जणींचा, चढाईला २४ सेकंद आणि समोर दडपण फोडण्यात वर्षानुवर्षे मुरलेल्या व्यावसायिक खेळाडू. तेथे त्या पद्धतीला आवश्यक असलेली माणसेच उपलब्ध नव्हती. २०१० मध्ये त्यांनी धावपटू मॅरियन जोन्सला संघात घेतले. ती महाविद्यालयात असताना १९९४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाकडून बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकली होती. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात ऑलिंपिक पदके परत करावी लागल्यावर चौतिसाव्या वर्षी तिने पुन्हा या खेळात पाऊल ठेवले. तिची जिद्द खरी होती, पण संघाची पोकळी त्याने भरून निघणारी नव्हती.

आयपीएलमध्ये लिलाव होतो, तसा अमेरिकेत ड्राफ्ट होतो: नव्या खेळाडूंची निवड संघ पाळीपाळीने करतात आणि दुबळ्या संघांना आधीची पाळी मिळते. मात्र पहिल्या काही पाळ्यांचा क्रम सोडतीने ठरतो, त्यामुळे तळाला राहिल्याने पहिली पाळी हमखास मिळतेच असे नाही. २०१० मध्ये टल्सा सर्वांत खाली होता, पण सोडत मिनेसोटाच्या नावे निघाली. मिनेसोटाने २०११ साठी माया मूर निवडली आणि त्याच वर्षी २७ सामने जिंकून विजेतेपद मिळवले. त्या विजेत्या संघात मॅकविल्यम्स-फ्रँकलिन आणि हॉर्नबकल या दोन माजी डेट्रॉइटकर होत्या, ही बाब टल्साच्या चाहत्यांना किती लागली असेल याची कल्पना करता येते. टल्साने दुसऱ्या पाळीत ऑस्ट्रेलियाची २.०३ मीटर उंचीची लिझ कॅम्बेज घेतली. एकोणीस वर्षांच्या या मुलीने टल्सात खेळण्याची इच्छा नसल्याचे आधीच सांगितले होते. तरीही ती आली आणि त्याच हंगामात ऑल-स्टार, म्हणजे लीगमधील निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडली गेली. पिअर्सनच्या बदल्यात आलेली टिफनी जॅक्सन हिनेही त्या वर्षी आपला सर्वोत्तम खेळ केला. म्हणजे तळाच्या या संघात चांगल्या खेळाडू नव्हत्या असे नाही. एकमेकींसोबत वाढलेला आणि अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांत काय करायचे हे जाणणारा संघ मात्र तेथे नव्हता.

पहिल्या अकरा सामन्यांत एकच विजय मिळाल्यावर ८ जुलै २०११ रोजी रिचर्डसन यांनी राजीनामा दिला. चार ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेल्या टेरेसा एडवर्ड्स यांनी हंगामी प्रशिक्षक म्हणून सूत्रे हाती घेतली, पण हंगामाच्या मध्यात नवी पद्धत रुजवायला सरावाचे दिवसच हाती नव्हते. पराभवांची रांग वाढत गेली. ती तोडली शेरिल स्वूप्सने. डब्ल्यूएनबीएने करारबद्ध केलेली ही पहिली खेळाडू, कॉमेट्सच्या चारही विजेतेपदांची मानकरी, चाळिसाव्या वर्षी टल्साकडून खेळत होती. २६ ऑगस्ट रोजी लॉस एंजेलिसविरुद्ध तीन सेकंदांहूनही कमी वेळ उरला असताना तिने बास्केट केली आणि टल्सा ७७-७५ असा जिंकला. मला तर या संपूर्ण हंगामाची आठवण ठेवायची झाली, तर ती या फेकीसाठी ठेवावीशी वाटते. सलग वीस पराभवांनंतरही ज्या संघातील सर्वांत ज्येष्ठ खेळाडू चेंडू मागून घेते, त्या संघाने खेळणे सोडले होते असे कोणी म्हणू नये.

पुढच्या सोडतीतही दैव आडवे आले. सर्वांत वाईट कामगिरी करूनही २०१२ साठी टल्साला चौथी पाळी मिळाली. तिच्यात घेतलेली ग्लोरी जॉन्सन मात्र संघाचा आधार ठरली, आणि त्यानंतरच्या वर्षी स्कायलर डिगिन्स आली. विजयांची संख्या ९, ११, १२ अशी सावकाश वाढली. २०१५ मध्ये, पिअर्सनही परतली असताना, संघ १८-१६ अशा कामगिरीने टल्सातील पहिल्या आणि शेवटच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेरीत, पोहोचला. त्याच जुलैमध्ये प्रमुख मालक बिल कॅमेरॉन यांनी संघ टेक्सासमध्ये डॅलस परिसरात नेण्याचे जाहीर केले होते. सप्टेंबरमध्ये फीनिक्सने दोन सामन्यांत मालिका संपवली, आणि २०१६ पासून हा संघ आर्लिंग्टन येथे डॅलस विंग्ज या नावाने खेळू लागला.