ब्लेंडेड आणि हायब्रिड: पोरं वाटलीयेत की अभ्यास?

परवा इंदूरला राजवाड्याजवळ पोहे खाताना एक सहकारी मोठ्या थाटात म्हणाले की आमचा कोर्स आता ब्लेंडेड झाला, मी विचारलं म्हणजे नेमकं काय केलंत सर, तर म्हणे वर्गात कॅमेरा लावला, महू-देवासची पोरं घरूनच झूमवर बसतात. अहो, हे ब्लेंडेड नाही, हायब्रिड झालं!

तसं नावांचा घोळ सगळीकडेच आहे, बाहेरची कितीतरी विद्यापीठं हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. म्हणून नाव सोडा, एवढंच बघा की पोरं वाटली गेलीयेत की अभ्यास.

हायब्रिडमध्ये पोरं वाटली जातात. तास एकच, थोडी समोर, थोडी स्क्रीनवर. (सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या ब्रायन बीटी यांचं हायफ्लेक्स ह्याच घरातलं, तिथे कसं हजर राहायचं ते विद्यार्थीच ठरवतो.) इथे खरी गोची आवाजाची. मागच्या बाकावरचा प्रश्न घरी बसलेल्याला ऐकूच जात नाही, मास्तरने तो परत बोलून दाखवायचा, वर चॅटकडेही बघायचं.

ब्लेंडेडमध्ये अभ्यास वाटला जातो, सगळी पोरं दोन्हीकडचं करतात, आणि कुठलं कुठे ते आधीच ठरलेलं असतं. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मे २०२१ मध्ये ब्लेंडेडवर जे मसुदा टिपण काढलं त्यात ४० टक्क्यांपर्यंत ऑनलाइन म्हटलं होतं, आमच्याकडे सगळ्यांनी तेवढा आकडा वाचला आणि पाचातले दोन तास जसेच्या तसे झूमवर ढकलले! स्वयम म्हणजे सरकारचं ऑनलाइन कोर्सेसचं पोर्टल, त्याच्या २०२१ च्या नियमांत पण ४० टक्केच आहेत, पण ते वेगळे, तिथे सेमिस्टरमधले तेवढे कोर्सच्या कोर्स स्वयमवरून करता येतात.

आता स्टॅटिस्टिक्सचं घ्या. स्टँडर्ड डेव्हिएशनचा फॉर्म्युला घरी व्हिडिओत, तोही छोटा, कारण एडएक्स ह्या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सेशन्सचा अभ्यास २०१४ मध्ये आला त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघण्याच्या वेळेचा मध्यक (मीडियन) काही सहा मिनिटांच्या वर जात नव्हता. मग पाच प्रश्नांची क्विझ. मास्तरने वर्गात जायच्या आधी क्विझचा निकाल उघडायचा, कोणता प्रश्न सगळ्यांचा चुकला तो बघायचा आणि तास तिथूनच सुरू करायचा, बाकी वेळ पोरांनी खरा डेटा घेऊन गणितं करायची. व्हिडिओ कोणी बघितला नाही तरी तुमचा तास तसाच चालत असेल तर ब्लेंडेड काही झालं नाही. आणि सगळे तास तसेच ठेवून वर व्हिडिओ चिकटवले तर पोरांच्या गळ्यात दीड कोर्स पडतो, असं फार वेळा होतं.

मेहनत दोन्हीत आहे, हायब्रिडमध्ये ती रोज तासाला, ब्लेंडेडमध्ये बरीचशी सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच. माझं विचाराल तर मी ब्लेंडेडच घेईन.

पण महूच्या मुलीचा बसचा फेरा वाचवायचा असेल तर एकट्या मास्तरचं काम नाही. मी ऑनलाइन भाग सोमवारी ठेवला, तुम्ही बुधवारी, तर ती रोज येणारच ना! सगळ्यांनी मिळून एक वार मोकळा सोडायला पाहिजे. हे सरांना सांगितलं, म्हटलं गुरुवार सोडूया का, तर पोह्यांवर जिरावन मसाला टाकत म्हणाले, गुरुवारी तर माझी प्रॅक्टिकल असतात.