दगड जुने, हिरवळ नवी

चार-पाच काळे दगड, त्यांच्या पायाशी लॉनसारखी हिरवळ, आणि बाकी नुसतं पाणी. माशांच्या काचेच्या टँकमधल्या या मांडणीला 'इवागुमी' म्हणतात. नाशिकमध्ये कुणाच्या दिवाणखान्यात तो दिसला की पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अजून सामान यायचंय का?" दिसायला सोपा, पण जमायला अवघड असा हा प्रकार आहे. दगड मांडायची विद्या हजार वर्षांची असली, तरी त्यांच्या पायाशी पाण्याखाली हिरवळ टिकवायची युक्ती अगदी अलीकडची आहे.

इवागुमी हा शब्द मुळात जपानी बागांचा. बागकामावरच्या 'साकुतेइकी' या अकराव्या शतकातल्या ग्रंथात दगड रचण्याचे नियम आहेत. दगड काय मागतो ते ओळखून मांडावं, असा त्यांचा रोख. बुद्ध मधे आणि दोन बाजूंना बोधिसत्त्व, या त्रयीवरून तीन दगडांची एक रचना रूढ झाली. आपल्याला ती परकी नाही. पांडवलेण्यांतल्या नंतरच्या महायान काळातल्या मूर्तींत हीच त्रयी दिसते. टँकमध्येही दगड विषम संख्येत घेतात. सगळ्यात मोठा तो 'ओयाइशी', दुसऱ्या क्रमांकाचा 'फुकुइशी', साथीला 'सोएइशी'. आणि 'सुतेइशी' म्हणजे टाकून दिलेला दगड. हिरवळ वाढली की हा बुडून जातो, तरी तो मांडायचाच.

वनस्पतींची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. 1850 मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाण्याचा तोल राहतो हे दाखवलं. पुढे विसाव्या शतकात हॉलंडमध्ये 'डच' पद्धत रुजली: वाफ्यांसारखी रंगवार झाडं, दगडांना जवळपास जागाच नाही.

हे दोन्ही धागे जपानमधल्या निइगाताच्या ताकाशी अमानो यांनी जोडले. मूळचे व्यावसायिक सायकलपटू, नंतर छायाचित्रकार. 1982 मध्ये त्यांनी अशा टँकच्या सामानाची स्वतःची कंपनी काढली. अडचण अशी होती की बुटक्या वनस्पतींना तळापर्यंत उजेड हवा, आणि उजेड वाढवला की शेवाळ माजतं. उजेडाच्या जोडीला कार्बन डायऑक्साइडही हवा. पाण्यात तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो, म्हणून पानांपर्यंत पुरेसा पोचत नाही. अमानो यांनी सुरुवातीला टँकमध्ये सोडा वॉटर ओतून पाहिलं, असं सांगतात. पुढे या गॅसचे सिलिंडर आले. राहिलेलं शेवाळ खायला त्यांनी यामातो कोळंबी सोडली. तिला आज जगभर 'अमानो श्रिम्प' म्हणतात. माझ्या मते इवागुमीचा खरा शोध दगडांत नाही, या गॅसमध्ये आणि कोळंबीत आहे. त्यानंतरच ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची ग्लोसोस्टिग्मा ही बुटकी वनस्पती तळावर सपाट पसरू लागली.

2001 पासून त्यांच्या कंपनीची टँक-मांडणीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. 2015 मध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी 40 मीटर लांबीचा टँक उभा केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं.

स्पर्धांच्या फोटोंतला करडा, पांढऱ्या रेघांचा 'सेइर्यू' दगड चुनखडीचा असतो. तो पाण्याची कठीणता वाढवतो, आणि आयात केलेला महागही पडतो. नाशिककरांनी तो का घ्यावा, मला कळत नाही. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा बेसाल्ट आहे, तो पाण्यात सहसा काही सोडत नाही. नदीतले गुळगुळीत गोटे मात्र नकोत, ते डोंगर वाटत नाहीत. कंगोरे असलेला दगड हवा. एक काळजी घ्या. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात. झिओलाइट असेल तर हरकत नाही, कॅल्साइट असेल तर तोही चुन्याचाच. पांढऱ्या भागावर लिंबू पिळा. फेस आला तर तो दगड कुंडीत ठेवा.

मांडणीचंही तसंच. जपानी टँकमधला मुख्य दगड बहुधा टोकदार, एका बाजूला कललेला असतो. आपल्या डोळ्यांना सवय आहे ती अंजनेरी आणि ब्रह्मगिरीची: खाली उभा कातळकडा, वर सपाट पठार. तसा टँक मी अजून पाहिलेला नाही.